वुडकटमध्ये चेहरा नुसता काळा डाग येतोय, टूल बदलू की लाकूड?

निपाणीकडच्या एकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा, की आजी पडवीत तंबाखूची पानं निवडत बसलीय, बाजूच्या खिडकीतनं ऊन येतंय, त्या फोटोवरून पेन्सिलनं छान शेडिंग करून चित्र काढलं, कार्बननं प्लायवर उतरवलं, बाजारातल्या साध्या सेटनं कोरलं. छाप काढला तर आजीचा चेहरा म्हणजे काळा डाग, सुरकुत्यांच्या रेषा मधेच तुटलेल्या, कडांचे टवके उडालेले. कोपऱ्यात आजीचं नाव कोरायचं होतं ते उलटं छापलं. आता जपानी टूलचा सेट मागवू का सागवानाची फळी घेऊ, असं विचारताय.

वुडकट म्हणजे लाकडाच्या फळीवर चित्र कोरून, तिला शाई लावून कागदावर छाप काढायचा. मी बेळगावात बरीच वर्षं ते करते, शिकवते पण, त्यामुळं थोडं सविस्तरच लिहिते.

आत्ता दोन्ही घेऊ नका. टवके उडायला प्लाय आणि बोथट टूल ही कारणं आहेतच, त्यावर खाली येते, पण चेहरा काळा होतोय त्याचं कारण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. तुम्ही पेन्सिलचं चित्र जसंच्या तसं लाकडावर उतरवलंय. पेन्सिलीत काळ्या-पांढऱ्याच्या मधे कितीतरी करड्या छटा असतात, बोटानं घासून गालाखाली सावली आणता येते. ब्लॉकवर, म्हणजे कोरायच्या फळीवर, तसं काही नसतंय. पृष्ठभाग राहिला तिथं शाई लागणार, कोरला तिथं कागद कोरा राहणार, संपलं. मग कोरायला बसल्यावर त्या करड्या शेडिंगचं काय करायचं ते कळत नाही आणि जे कळत नाही ते माणूस न कोरता तसंच ठेवतो, म्हणजे ते काळं छापतं. तुमच्या चित्रात सगळ्यात नाजूक शेडिंग चेहऱ्यावर असणार, म्हणून चेहराच सगळ्यात काळा झाला.

सुरकुत्यांचं पण तसंच. पेन्सिलनं एक सुरकुती म्हणजे एक रेघ, हाताच्या एका हालचालीत होते. लाकडात तीच काळी रेघ पाहिजे असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून मधे केसाएवढी भिंत उभी ठेवावी लागते, तीही धाग्याच्या, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या, आडवी गेली की मोडते. असं काम होतच नाही असं नाही. जर्मन चित्रकार ड्यूररची १४९८ ची अपोकॅलिप्सची, म्हणजे बायबलमधल्या जगाच्या अंताची, मालिका बघा, किंवा जपानी होकुसाईची लाट, काळ्या रेषा किती बारीक आणि न तुटलेल्या आहेत. पण तिकडं चित्र काढणारा एक आणि ब्लॉक कोरणारा दुसरा अशी पद्धत सर्रास होती, जपानात तर छापणारा पण तिसरा, आणि कोरणाऱ्याचं अख्खं आयुष्य त्याच कामात गेलेलं. लाकूड पण तसंच, जपानात चेरी, युरोपात पेअर, दोन्ही घट्ट आणि एकसारखी. तुमच्याकडं हार्डवेअरच्या दुकानातला प्लाय आहे आणि तिन्ही कामं तुम्हीच करणार आहात. तर चित्रच असं रचा की त्यात तुमच्या हाताला आणि त्या प्लायला झेपेल तेवढंच मागितलेलं असेल.

त्यासाठी मी सगळ्यांना पहिल्यांदा पाटी घ्यायला लावते. शाळेतली साधी काळी पाटी आणि खडू. कागदावर आपण पांढऱ्यावर काळं काढतो, पाटीवर काळ्यावर पांढरं काढतो, आणि ब्लॉकवर टूल जे करतंय ते नेमकं हेच आहे, प्रत्येक काप म्हणजे एक पांढरी खूण. आजीचा फोटो समोर ठेवा आणि फक्त ऊन जिथं पडलंय तेवढंच खडूनं काढा. बाह्यरेषा काढायची नाही. नाक काढायचं नाही, नाकाच्या दांड्यावरचा उजेड काढायचा. कपाळाचा खिडकीकडचा भाग, गालाचं हाड, खालच्या ओठावरची एक खूण, हाताची पेरं. पलीकडचा गाल सावलीत आहे ना, तिथं खडू लावायचाच नाही. तरी चेहरा दिसतो, बघणाऱ्याचा डोळा उरलेलं भरून काढतो. पहिल्या दिवशी कुणालाच यावर विश्वास बसत नाही, हात परत परत बाह्यरेषेकडं जातो. पुसा आणि परत काढा. मधे कुठं खडू बोटानं पसरून करडं करायचा मोह झाला तर ते पुसून टाका, कारण ते लाकडात येणार नाही.

सुरकुत्या पण याच हिशोबानं. काळ्या रेघांनी सुरकुत्या काढल्या की म्हातारा चेहरा जाळीत अडकल्यासारखा दिसतो. त्याऐवजी दोन सुरकुत्यांच्या मधली जी उंच कातडी आहे, जिच्यावर ऊन पडतंय, ती पांढरी कोरा, सुरकुती आपोआप मधे काळी राहते आणि ती तोलून धरायला दोन्हीकडं पुरेसं लाकूड पण राहतंय.

केथे कोलवित्स या जर्मन बाईंचं काम जरूर बघा. कार्ल लीब्क्नेख्ट या जर्मन क्रांतिकारक नेत्याच्या मृत्यूवरचं त्यांचं चित्र त्यांनी आधी एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरून) करून बघितलं, मग लिथोग्राफमध्ये (दगडावरून छापून), आणि शेवटी १९२० मध्ये वुडकटमध्ये केलं. वुडकटमध्ये त्यांनी किती काढून टाकलंय ते बघण्यासारखं आहे, काळ्या गर्दीत चेहरे आणि हात तेवढे उजेडात येतात. एवढ्या ताकदीच्या चित्रकर्तीला सुद्धा माध्यम बदलल्यावर तेच चित्र नव्यानं रचावं लागलं. तुमचं पेन्सिलचं चित्र वाईट नाही, ते पेन्सिलचं आहे, एवढंच.

आता आकार. तुम्ही लिहिलंय की ब्लॉक साधारण ए-फोर एवढा आहे आणि त्यात आजी पूर्ण, पानांचा ढीग, खिडकी, दार, कोंबडी पण. म्हणजे चेहरा फार तर दोन-तीन सेंटीमीटर. प्लायवर एक मिलिमीटरच्या खालची काळी रेघ धरू नका, मग त्या चेहऱ्यात किती खुणा बसणार ते मोजून बघा. माझा सल्ला असा की दार आणि कोंबडी काढा, आजी कमरेपासून वर घ्या, चेहरा तळहाताच्या निम्म्याएवढा तरी होऊ दे, आणि हात मोठे घ्या. पानं निवडणारे हात हेच या चित्राचं खरं काम आहे. अगदी सगळंच पाहिजे असेल तर दोन-अडीच फुटी फळी घ्यावी लागेल, त्यालाही माझी ना नाही, पण पहिल्या-दुसऱ्या ब्लॉकला नको.

पाटीवर जमलं की काड्यापेटीएवढे चौकोन आखून काळ्या मार्करनं चार-सहा प्रकारे मांडणी करून बघा. एवढ्या लहान आकारात लाडात येऊन तपशील घालताच येत नाहीत, काळ्याचे मोठे आकार एकमेकांना कसे भिडतात तेवढंच दिसतंय. आजीचं डोकं काळं आणि मागची भिंत पण काळी असेल तर डोकं हरवणार, मग डोक्यामागं खिडकीचा पांढरा तुकडा आणायचा का, हा निर्णय इथं घ्यायचा, लाकडावर नव्हे.

मग करडं आणायचंच नाही का? आणायचं, पण खुणांनी. व्ही टूलनं, म्हणजे व्ही आकाराच्या टोकाच्या टूलनं, पांढऱ्या रेघा एकमेकींच्या जवळ मारल्या की लांबून करडं दिसतंय, रेघा जाड केल्या की उजळ, बारीक केल्या की गडद. लहान यू गॉजनं, म्हणजे गोल टोकाच्या टूलनं, ठिपके. नऊवारीच्या घड्यांना घडी जिकडं वळते तिकडं वळणाऱ्या रेघा, तंबाखूच्या पानाला मधली शीर आणि तिच्यातनं फुटलेल्या तिरक्या शिरा, मातीच्या भिंतीला तुटक आडवे काप. प्रत्येक वस्तूला तिची वेगळी खूण दिली की छटा पण येते आणि वस्तू पण कळते. पण सगळीकडं खुणा नकोत, निदान एक मोठा काळा भाग अगदी शांत ठेवा. छापचित्रकार हरेन दास यांच्या बंगालच्या खेड्यातल्या चित्रांत इतकी मऊ करडी छटा कशी येते असं पण विचारलंय तुम्ही. त्यांच्या वुड एन्ग्रेव्हिंगमध्ये लाकूड आडवं कापून धाग्यांची टोकं वर येतील असा ठोकळा घेतात आणि टूल पण वेगळं असतंय. तो नाजूकपणा प्लायवर शोधू नका.

उलट-सुलटचं सोपं आहे. छाप आरशातल्यासारखा उलटा येतो, म्हणून चित्र ट्रेसिंग पेपरवर घ्यायचं आणि कागद पालथा करून ब्लॉकवर उतरवायचं. नाव असेल तर ब्लॉकवर अक्षरं उलटीच दिसली पाहिजेत, कोरायच्या आधी छोटा आरसा धरून वाचून बघा. १८०५ मध्ये आपल्या शेजारी मिरजेत पटवर्धनांनी अख्खी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापून घेतली होती. ते काम तांब्याचं, लाकडाचं नाही, पण छापातली अक्षरं सुलटी यायला कोरणाऱ्याला सगळे श्लोक उलटेच कोरावे लागतात. तुम्हाला दोन अक्षरं कोरायचीत, शिरोरेघ जरा जाड ठेवा म्हणजे काना-मात्रा तिला धरून राहतात.

उतरवायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, फळीवर पाणी घालून पातळ केलेल्या काळ्या शाईचा एक हात मारा. काळपट फळीवर जो काप द्याल तो लगेच उजळ दिसतो, म्हणजे छाप कसा येणार ते कोरतानाच डोळ्यासमोर राहतंय. कोऱ्या प्लायवर पेन्सिलच्या रेघांमागं जात राहिलं की आपण नुसते रेघा भरणारे होतो. आणि उतरवताना पण सगळं उतरवू नका. मोठे आकार, उजेडाची हद्द, डोळे-नाकाच्या जागा, बास. बाकी खुणा टूलनं सरळ लाकडावर काढायच्या, तिथंच चित्रात जीव येतोय.

लाकडाचं म्हणाल तर सागवान या कामाला नको. महाग तर आहेच, त्यात सिलिका असते त्यामुळं धार पटकन जाते, आणि वर्षाच्या वलयांमधे कडक-पोकळ असा फरक असल्यानं बारीक रेघ दगा देते. साध्या प्लायचा वरचा थर कागदासारखा पातळ, अर्धा मिलिमीटर सुद्धा धड नसतो, आणि खालच्या थराचे धागे त्याच्या आडवे, म्हणून टूल खाली गेलं की वरचा थर पापुद्र्यासारखा उचलतो. तुमचे टवके तिथनं आलेत. प्लायच वापरायचा असेल तर निवडून घ्या, वरचा थर जाड आणि गाठ नसलेला बघा, आणि फर्निचरवाले पॉलिशला चपडा लाख वापरतात ती स्पिरिटमध्ये पातळ करून, शाईचा हात वाळल्यावर वरून एक-दोन हात द्या, धागे जरा आवळून धरतात. माझी आवड विचाराल तर शिवण. खानापूर-बेळगावच्या लाकडाच्या वखारीत तुकड्यात मिळून जाते, हलकी, एकसारखी, टूलखाली गोड जाते. आंबा स्वस्त आहे पण कीड लागते आणि धागे उलटसुलट असतात. पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची फळी बारीक कामाला नको, पण भिंत, आभाळ असल्या भागाला मस्त, वायर ब्रशनं धाग्याच्या दिशेनं घासली की मऊ भाग झिजून रेषे वर येतात आणि ते तसेच छापतात. नॉर्वेच्या मुंक या चित्रकारानं लाकडाचे रेषे असेच चित्रात दिसू दिलेत. एमडीएफला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला, धागाच नाही त्यामुळं टूल कुठंही वळतं, पण कडा भुसभुशीत होतात आणि धूळ नाकात जाते, मास्क लावल्याशिवाय नको.

टूल. चार पुरेत, एक चाकू, एक व्ही, एक लहान यू, एक मोठा यू. स्वस्त सेट दुकानातनं येतो तेव्हा त्याला नीट धार नसतेच, आणि लोकांना वाटतं आपला हातच वाईट आहे. बारीक ऑईलस्टोनवर धार लावा आणि मग चामड्यावर घासा. अथणी-निपाणीकडं चपला करणारे घरोघर आहेत, त्यांच्याकडचा जाड चामड्याचा उरलेला तुकडा फळीला चिकटवा, त्यावर बफिंगवाले वापरतात ती हिरवी पॉलिशची वडी चोळा, टूल मागं ओढत घासायचं, पुढं ढकलायचं नाही. यूच्या आतल्या बाजूला चामड्याची कड दुमडून फिरवा. धार लागली का ते बघायला पाइनच्या तुकड्यात धाग्याच्या आडवा काप द्या. काप चकचकीत आला तर लागली, फाटला तर परत दगडावर. कोरताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्यावर दोन हात मारायची सवय ठेवा. हे जमल्यावर सुद्धा अडतंय असं वाटलं तर मग खुशाल जपानी टूल घ्या, चांगलीच असतात ती.

कोरताना दोन-तीन गोष्टी. रेघेच्या कडेनं चाकू चालवताना पातं जरा तिरकं धरा, रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहिली पाहिजे. पातं रेघेच्या पोटात शिरलं की बुड पोकळ होतं आणि दाबल्यावर रेघ बसते, तुमच्या तुटलेल्या सुरकुत्यांत काही अशाच गेल्या असणार. धाग्याच्या आडवं यू गॉज चालवायचं असेल तर जिथं थांबायचंय तिथं आधी चाकूनं एक काप देऊन ठेवा, टूल तिथं पोचलं की चिलपी सुटते, पुढचं लाकूड ओढत नाही. खोली उगाच वाढवू नका, बारीक जागी एक मिलिमीटर खूप झालं, मोठ्या पांढऱ्या जागेला दोन-तीन. आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागं. फळी धरायला टेबलाच्या कडेला एक पट्टी अडवून ठेवा म्हणजे हातानं पुढनं धरावी लागत नाही.

क्रम कसा, तर ज्या पांढऱ्याबद्दल खात्री आहे ते आधी. कपाळावरचं ऊन, खिडकी. शंका असेल तिथं काळं ठेवा, काळं नंतर कधीही काढता येतं, काढलेलं परत आणता येत नाही. निम्मं झालं की एक प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढा. त्या प्रूफवर पांढरा पोस्टर कलर घेऊन, अजून कुठं काढावं वाटतंय तिथं ब्रशनं लावून बघा, लांब भिंतीवर लावून बघा, रात्रभर तसंच राहू दे. सकाळी पटलं तरच टूल उचला. या पांढऱ्या रंगाच्या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, एकाच प्रूफवर लावते, पुसते, परत लावते. आणि शाई न लावता नुसतं बघायचं असेल तर पातळ कागद ठेवून वरून मेणाचा खडू आडवा घासा, ब्लॉक कुठवर आलाय ते कळतंय.

तुमच्या काळ्या डागात शाईचा पण थोडा हात असणार, फोटोत कडेला शाई साचलेली दिसतेय. ऑफसेट प्रेसवाल्यांकडची काळी शाई चालते, पण काचेवर अगदी पातळ पसरायची. रोलरचा आवाज ऐका, बारीक सरसर आली की बरोबर, चटचट चिकटल्यासारखा आला तर शाई जास्त आहे. एकदाच जाड थर देण्यापेक्षा पातळ थर तीन-चारदा, दर वेळी रोलर वेगळ्या दिशेनं. कागद पातळ पण चिवट घ्या, नेपाळी हातकागद उत्तम, पाठीमागनं स्टीलच्या चमच्यानं गोल गोल घासा आणि एक कोपरा उचलून बघत जा. ब्लॉक पुसायला खायचं तेल आणि जुनं कापड, नंतर स्पिरिटचा बोळा तिथं नको, लाख सुटते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे, आपल्याकडं जून ते सप्टेंबर तेलाची शाई वाळायचं नाव घेत नाही, छाप एकावर एक ठेवले की सगळे गेले, दोरीला चिमट्यानं लावून पंख्याखाली आठवडाभर राहू द्यायचे. फळी पण वाकते. एका बाजूला शाई-लाख दिली आणि दुसरी कोरी ठेवली तर नक्कीच, म्हणून पाठीला पण एक हात द्या आणि रात्री सपाट ठेवून वर वजन ठेवा.

आता आहे तो ब्लॉक टाकू नका. सुटलेला तुकडा सापडला असेल तर फेव्हिकॉलचा ठिपका लावून जागेवर बसवा, वर प्लास्टिकचा कागद आणि वजन ठेवून रात्रभर राहू द्या. चेहरा तर काळाच आहे, म्हणजे तिथं लाकूड शिल्लक आहे, ते नशीबच समजा. एक चांगलं प्रूफ काढून त्या काळ्या चेहऱ्यावर पांढऱ्या रंगानं खिडकीकडचा उजेड शोधा, कपाळ, गालाचं हाड, नाकाचा दांडा, मग लहान यूनं तेवढंच काढा. ब्लॉकची पाठ कोरी असेल तर प्रत्येक खूण आधी पाठीवर मारून बघा, तोच प्लाय, तेच धागे, टूल कसं जातंय ते तिथंच कळेल. आणि नवा ब्लॉक धराल तेव्हा हातांपासून सुरुवात करा, चेहऱ्याला हात बसल्यावर या.